सासरा, तीन सुना आणि दर शनिवारची नवी चाल

४ मार्च, मंगळवार

चष्मा तुझ्या डोक्यावर आहे. तिथून खाली ओढ आणि मग वाच. ही वही कुणाची हेही विसरली असशील, म्हणून सांगते, ही तुझ्या आईची. आई म्हणजे मी. महिन्याभरात फोनवर चारदा विचारलंस, "मामाचं मशीन कुठल्या वारी असतं गं?" सोमवार, बुधवार, शनिवार. पाचव्यांदा विचारलंस तर फोन उचलायची नाही. त्यापेक्षा सगळं वहीत घालते, भरली की पोस्टाने येईल.

वही खाजगी आहे. म्हणजे मी बोलते आणि शेजारच्या टायपिस्टबाई लिहितात, इतकी खाजगी. मला अक्षर येत नाही हे निदान तुझ्या लक्षात असेल. बाईंनी तेहतीस वर्षं कचेरीत साहेब बोलेल ते उतरवून घेतलं, त्यामुळे मधे तोंड घालत नाहीत. भुवया मात्र उडवतात. आत्ताही उडवल्या. लिहा बाई, तेही लिहा.

काल ठोंब्या मशीनवर होता. ठोंब्या म्हणजे तुझा मामा, त्रेसष्ट वर्षांचा, पण मला धाकटाच. त्याची मूत्रपिंडं संपावर गेल्यापासून इस्पितळाच्या डायलिसिसच्या खोलीत खिडकीजवळची खुर्ची त्याची. उजव्या हातात दोन सुया. एका नळीतून रक्त बाहेर येतं, मशीनमधून धुऊन निघतं, दुसरीतून आत जातं. चार तास. मी त्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर. जानेवारीपासून गिटार घेऊन जाते, कारण तिथल्या टीव्हीवर दिवसभर बातम्या रडत असतात.

गिटार माझ्याकडे कशी आली, हेही सांगायला हवं ना? दोन वर्षांपूर्वी सभागृहात डोळे तपासायच्या रांगेत उभी राहिले. पाटी वाचता येत नाही, रांग दिसली की उभं राहायचं. माझा नंबर आला तेव्हा एका दाढीवाल्या पोराने माझ्या हातात गिटार दिली. मी म्हटलं, आधी अक्षरं वाचायला लावतात ना? तो म्हणाला, इथे काही वाचायची गरज नाही, आजी. असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. मी बसलेच. डोळे अजून तपासायचे राहिलेत.

तर काल दोन तास झाल्यावर ठोंब्या म्हणाला, "ताई, बास झालं. एप्रिलपासून मी येत नाही."

"कुठे?"

"इथे. आयुष्यभर ठरलेल्या रस्त्याने बस चालवली. आता म्हातारपणी पण तेच? घर-मशीन, मशीन-घर. लावतो गाडी डेपोत."

मशीन थांबलं तर पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे, असं डॉक्टर मागेच सांगून गेलेत. त्यालाही ठाऊक, मलाही. म्हणून मी भांडले. "कंटाळा मशीनचा आलाय की माझा?"

"तुझाही आलाय. दोन महिने त्याच दोन चाली. मशीन तरी अधूनमधून वेगळं ओरडतं."

"मग नवीन वाजवलं तर येशील?"

हसला. "दर शनिवारी नवी?"

"दर शनिवारी."

"नवी म्हणजे नवी हां. जुनीलाच पावडर लावून आणायची नाही. एक शनिवार चुकलीस की सोमवारपासून मी घरी."

"मी साक्षीदार," सिस्टर म्हणाली. मशीनची कळ फिरवायला आली होती. कळ फिरवून झाली तरी तिचा हात बराच वेळ तिथेच होता.

आता ऐक. तुझ्या आईला वाजवण्याजोग्या येतात चार चाली. दोन त्याच्या कानावर पडून गुळगुळीत झाल्या. राहिल्या दोन. आणि शनिवार काही थांबत नाहीत.

६ मार्च, गुरुवार

बाई विचारतात, अक्षर येत नाही तर चाल लक्षात कशी ठेवता? म्हटलं, लिहा, लेकीलाही कळेल.

या वाजवण्यात उजव्या हाताची बोटं एकेक तार वेगळी छेडतात. अंगठा म्हणजे सासरा. खालच्या मजल्यावर, जाड तारांवर, धप धप चालत राहायचं, एवढंच त्याचं काम. पहिलं बोट थोरली सून, मधलं मधली, त्याच्या पुढचं धाकटी. या तिघी पातळ तारांवर. करंगळी म्हणजे नणंद, नुसती बसून बघते. मास्तर, म्हणजे गिटार शिकवणारा तोच दाढीवाला पोर, म्हणतात, सगळ्या जगात बोटांना इंग्रजी-स्पॅनिश नावं आहेत, पण तुमचा संसार बरा आहे.

मी शर्टाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काजं केली. तेव्हा चाल मी कापडाच्या पट्टीवर टाक्यांनी उतरवते. सहा तारांच्या सहा हिरव्या शिवणी. लाल गाठ सासऱ्याची, निळी, पिवळी, पांढरी सुनांची. डाव्या हाताचं बोट गिटारच्या दांडीवर जितक्या नंबरच्या घरात, तितके टाके. सुरुवातीला एक बटण, शेवटाला दोऱ्याची शेपूट. मास्तरांनी पहिली पट्टी बघितली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, आजी, मी हेच कागदावर काढतो, फक्त माझं धुता येत नाही.

८ मार्च, शनिवार

"जिना" वाजवला. नाव मीच ठेवलं, चढते आणि उतरते म्हणून. एका ठिकाणी धाकटी घसरली. ठोंब्या डोळे मिटून पडला होता. संपल्यावर एक डोळा उघडून म्हणाला, "पास. काठावर."

दाढी करून आला होता. सोमवार-बुधवारी येतो तेव्हा हनुवटी ब्रशसारखी असते. डॉक्टर शनिवारी येतात म्हणून करत असेल.

१५ मार्च, शनिवार

आज अब्रूच गेली.

चौथी चाल वाजवली. झाली आणि पलीकडच्या खुर्चीतले घड्याळजी खाकरले. घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, तेही सोमवार-बुधवार-शनिवारवाले. मोकळ्या हाताने खुर्चीवर टकटक करत ऐकत असतात. "आजी, रागावू नका. तुमच्या चारही चाली एकाच घड्याळातल्या आहेत."

"म्हणजे?"

"वेग एक. ठोके एक. अंगठा पण तसाच फिरतो. काटे फक्त वेगवेगळ्या आकड्यांवर."

मी म्हटलं, तुम्ही आपली स्वतःची नाडी मोजा. पण बाई, तो माणूस खरं बोलत होता. मी मनातल्या मनात चारही चाली लावून बघितल्या. सासरा एकाच चालीने फिरतो, माझ्या शिलाई यंत्राच्या पायडलसारखा. एकोणतीस वर्षं पाय जसा हलला तसाच आता अंगठा हलतो. मला वाटत होतं माझ्याकडे चार चाली आहेत. होती एकच, चार झगे घातलेली.

ठोंब्या म्हणाला, "आजचा सोडतो. पुढचा सोडणार नाही."

असं म्हणून तोंड खिडकीकडे फिरवलं. मला नापास करायची वेळ आली याचा त्याला आनंद झाला असेल, असं मला वाटलं होतं. खांदे मात्र हसणाऱ्याचे नव्हते.

१८ मार्च, मंगळवार

मास्तरांना धरलं. म्हटलं, मला नवीन चाली नकोत, वेगळ्या हव्यात. सगळं सांगितलं, मामाचंही. ते बराच वेळ गिटारच्या खुंट्या उगाच पिळत बसले. मग बोटांवर मोजत म्हणाले, "एक तीन ठोक्यांची. एक अगदी संथ, स्वरांना श्वास घेऊ देणारी. एक जाड तार सैल करून, तिचा आवाज खाली उतरवून. एक गिटारच्या पोटावर थाप मारत. आजी, प्रत्येकीला वेगळा स्वभाव. वादकाची पोतडी अशीच भरते."

मी म्हटलं, वादक कोण इथे?

ते म्हणाले, बसा, तीन मोजा.

तीन मोजणं म्हणजे काय शिक्षा आहे हे तुला कळायचं नाही. माझा पाय दोनाचा आहे. एक-दोन, एक-दोन. तिसरा ठोका आला की पाय हवेत तसाच राहतो. मास्तरांनी शेवटी माझे बूट काढायला लावले आणि पाय स्टुलावर ठेवून दिले, दुकानातल्या मालासारखे.

२२ मार्च, शनिवार

तीन ठोक्यांची वाजली! "तीन पायांचं स्टूल" नाव ठेवलं. पहिल्या ओळीत लंगडलं, दुसऱ्या ओळीपासून डुलायला लागलं. घड्याळजींची टकटक चुकली, दोनदा! मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी हात मांडीखाली घातला.

"पास," ठोंब्या म्हणाला. "वळणावर बस जशी कलते, तसं आहे हे."

२९ मार्च, शनिवार

आज मी लबाडी केली. वही खाजगी आहे म्हणून बोलते. बाई, भुवया खाली.

आठवडाभर हात दुखत होता, नवीन बसलं नाही. तेव्हा "जिना"च घेतला, जाड तार दोन पायऱ्या उतरवली, वेग निम्मा केला आणि मधली ओळ आधी वाजवली. सासरा असा खोल गेला की स्टूल थरथरलं. नाव सांगितलं "विहीर". नवीन नाव, नवीन आवाज, कोण ओळखतं?

ठोंब्या ऐकता ऐकता गुणगुणायला लागला. मी पुढची ओळ वाजवायच्या आधीच त्याने तोंडाने म्हटली, अगदी बरोबर. बघ, मी चाली इतक्या सोप्या करून वाजवते की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही पुढचं सुचतं!

"पास?" मी विचारलं.

"नवी कोरी आहे," तो म्हणाला. "पास."

फसला. लहानपणीही असाच फसायचा, पत्ते खेळताना.

५ एप्रिल, शनिवार

थापेची चाल. गिटारच्या पोटावर तळहाताची थाप, मग तिन्ही सुना एकदम, मग सासरा. थाप पडली तशी सिस्टर धावत आली. तिला वाटलं कुणीतरी खुर्चीतून पडलं. दुसऱ्यांदा पडली तेव्हा घड्याळजींचं मशीन ओरडायला लागलं. त्यांनी जोशात सुया टोचलेलाच हात हलवला होता. सिस्टरने तिघांना झापलं. "हे इस्पितळ आहे की वरात?"

ठोंब्या इतका हसला की त्याचंही मशीन ओरडलं.

एप्रिल लागून पाच दिवस झाले, हे मला घरी आल्यावर आठवलं.

९ एप्रिल, बुधवार

आज वाईट गेलं. तिसऱ्या तासाला त्याचा रक्तदाब घसरला, पोटऱ्यांत गोळे आले, चेहरा पिठासारखा. सिस्टरने खुर्ची आडवी केली, मी पाय चोळले. गाडी सावरली. पण तो छताकडे बघत म्हणाला, "ताई, शनिवारी काय आहे तुझ्याकडे?"

"आहे एक," मी म्हटलं.

काही नाही. मास्तर लग्न करायला गेलेत, चांगले तीन आठवडे. लग्न करायलाही हाच मुहूर्त मिळाला त्यांना.

बाई, हे लिहू नका म्हणणार होते, पण लिहा. पोटऱ्या चोळताना वाटलं, मी याला ओढून आणते आहे का? त्याचं दुखणं त्याला, आणि मी माझं एकटेपण टाळायला त्याला दर शनिवारच्या दोरीने बांधून ठेवलंय? आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तेव्हापासून मी याला जेव, झोप, ऊठ सांगत आले. आता जग, असंही सांगायचं का? त्याला थेट विचारायची हिंमत नाही.

बाई थांबल्या होत्या. डोळे पुसून पुढे लिहिलं त्यांनी.

११ एप्रिल, शुक्रवार

नवं नाही, तर इतकं जुनं की मीच विसरले असेन, असा विचार करून पट्ट्यांचा डबा उपसला. तळाला पहिल्या वर्षातली एक पट्टी सापडली, धुण्यात बटण तुटलेली. बटण लावलं आणि बसले.

विचित्र चाल आहे. लाल गाठी पातळ तारांवर! सासरा वरच्या मजल्यावर सुनांच्या खोलीत, आणि सुना खाली तळघरात. मास्तरांनी असं शिकवल्याचं आठवत नाही. पण कारखान्यात खडूची खूण जिथे, काज तिथे. का, असं कुणी विचारलं नाही. पट्टी म्हणते तसं वाजवायचं. हात वाकडा करून कालपासून घासते आहे. बाईंना ऐकवली. त्या म्हणाल्या, "वहिनी, ही तुमची वाटतच नाही."

१२ एप्रिल, शनिवार

वाजवली. खोलीत फक्त मशीनची घरघर. घड्याळजींनी टकटक सुरूच केली नाही. चाल पुढे जाते आहे की मागे, कळत नाही. उतरता उतरता वर निघते. संपली तिथे संपल्यासारखी वाटेना, म्हणून मी पुन्हा सुरुवातीपासून घेतली.

ठोंब्याने दोन्ही डोळे उघडले. "ही कुठून आणलीस?"

"पास की नापास?"

"ताई, अशी मी तुझ्याकडून ऐकलीच नाही कधी." मग म्हणाला, "तुझा अंगठा मात्र धडपडतोय. जणू बस रिव्हर्सने डेपोत चाललीय."

मग बाकीचा वेळ माझ्या हाताकडेच बघत होता. जाताना स्वतःचा डावा हात हवेत धरून बोटं हलवत गेला. सुयांमुळे मुंग्या आल्या असतील. पण सुया उजव्या हातात असतात. असो.

१३ एप्रिल, रविवार

पट्ट्या घडी करताना बघितलं. त्या पट्टीवर बटण आणि शेपूट एकाच टोकाला! मी बटण शेवटाला लावलं होतं. म्हणजे पट्टी उलटी धरली, उलटी वाजवली. शेवट आधी, खालची तार वर. ती चाल मास्तरांची नाही, माझीही नाही. कापडाची आहे.

इतकी हसले की बाई भिंतीपलीकडून धावत आल्या. मग हसू गेलं. पुढच्या शनिवारी काय? दुसरी पट्टी उलटी करून बघितली, मांजराने तारांवर उडी मारल्यासारखं वाजलं. तिसरीही तशीच. देणगी एकदाच मिळते बहुतेक.

१९ एप्रिल, शनिवार

आज मोकळ्या हाताने गेले. म्हणजे गिटार होती, चाल नव्हती. वाटेत ठरवलं होतं की आणखी एक "जिना" रंगवावा. पण खुर्चीजवळ पोचले, त्याची घोटून केलेली दाढी बघितली, आणि तोंडातून खरं तेच निघालं.

"ठोंब्या, आज नवी नाही. आणि ती विहीर होती ना, ती पण नवी नव्हती."

"तो जिना होता," तो म्हणाला.

"तुला कळलं होतं?"

"मी रोज त्याच रस्त्याने बस चालवलीय, ताई. रात्री चालवली तरी रस्ता ओळखतो मी."

सिस्टर दाराशी, घड्याळजी कान टवकारून. मी म्हटलं, "मग सांग बाबा. तुझी अट होती. सोमवारी येणार की नाही, ते तूच ठरव. मी ओढणार नाही. फार ओढलं तुला आजवर."

त्याने मान वळवून मशीनकडे बघितलं. मशीन आपलं फिरतंय. मग म्हणाला, "सिस्टर, मी वाजवली तर नवी धरतात का?"

"तुम्हाला येते?" सिस्टर म्हणाली.

"नाही. म्हणून तर नवी. ताई, स्टूल जवळ घे. आणखी जवळ. ती उलटी चाल काढ."

"पण तुझा एकच हात मोकळा."

"तुझे दोन आहेत. डाव्याने दांडी धर. तारा मी छेडतो."

सिस्टरने गिटार स्पिरिटने पुसली, सुयांच्या हाताखाली उशी दाबली, "हा हलला तर बघा" म्हणून दम भरला. ठोंब्याचा डावा हात त्याच्या खुर्चीवरून माझ्या गिटारवर आला. उजवा नव्हे, डावा, तोही पलीकडून. म्हणजे अंगठा पातळ तारांवर, आणि बोटं जाड तारांवर. ज्या गाठींसाठी मी इतका हात पिळला, त्या त्याच्या हाताखाली आपोआप आल्या. हेच तो मागच्या शनिवारपासून हवेत घोटत होता.

"सासरा आधी," मी म्हटलं.

"कोण सासरा?"

"अंगठा रे, ठोंब्या!"

टण्. मग काही नाही. मग टण् टण्. तिघी सुना एकमेकींच्या पायात पाय घालून पडल्या. घड्याळजी म्हणाले, "सावकाश, आपल्याकडे चार तास आहेत." तासाभरात पहिल्या दोन ओळी आल्या. म्हणजे येऊ लागल्या. माझा डावा हात आणि त्याचा डावा हात, एकाच गिटारवर, आणि मधे कुठली चूक कुणाची हेच कळेना, त्यामुळे भांडायला भरपूर जागा.

"पूर्ण यायला किती शनिवार लागतील?" त्याने विचारलं.

"तुझ्या या लाकडी बोटांना? वर्ष."

तो सिस्टरकडे वळला. "लिहून घ्या मग. वर्षभर खिडकीजवळची खुर्ची कुणाला देऊ नका." मग मला म्हणाला, "आणि ताई, सोमवारी, बुधवारी पण आण गिटार. फक्त शनिवारी सराव करून कुणी शिकतं का?"

मी गिटार पुसायच्या निमित्ताने मान खाली घातली. स्पिरिट डोळ्यात गेलं असावं.

बाई म्हणतात, वहीची पानं संपत आली, सोमवारी पोस्टात टाकतील. तेव्हा काय पाठवायचं ते ऐक, आणि विसरायच्या आत ऊठ. मामासाठी डझनभर सफरचंदं, लहान, घट्ट. केळी, संत्री अजिबात नाहीत, त्याच्या रक्ताला चालत नाहीत. माझ्यासाठी खारवलेले बदाम, वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, झाकण चांगलं ठोकून बसवलेलं. ते त्याला वर्ज्य आहेत, आणि तुझ्या मामाची डाव्या हाताची बोटं आता फार चालायला लागलीत.